आधी आठवा

शाल्मली, तू विचारतेस, कुठून सुरू करू.
अकरा खंड, वर तो मागाहून लिहिलेला पूर्वखंड
ज्यात राणीची पणजी अजून परकरात आहे.
तुझ्या वर्गात यावरून भांडणं होतात म्हणे:
जसे छापले तसे वाचायचे, की जसं घडलं तसं?

मला काय विचारतेस.
वाशीला, सेक्टर सोळात, गिरणीच्या वरच्या माळ्यावर
खानोलकर बाईंची लायब्ररी होती. रोजचे दोन रुपये.
पहिला खंड कायम बाहेर.
"शहाऐंशी नंबरकडे आहे," असं म्हणून बाई
हातात पाचवा ठेवायच्या.
त्याच्या रेक्झिनला ज्वारीच्या पिठाचा वास.

म्हणून माझ्या लेखी राजा आधी मेला.
पुढे कधीतरी, दुसऱ्या खंडात, दात येताना रडला.
सगळा वाडा त्याचे लाड करत होता
आणि मला एकटीला ठाऊक होतं
विहीर कुठली, हात कुणाचा.

आपलं गाव तरी कुठे ओळीनं आहे?
सेक्टर नऊ ओलांडला की सोळा.
पाहुणे रिक्षावाल्याचं डोकं खातात,
पण जेवायच्या वेळेला पोचतात बरोबर.

पाचव्याच्या चौऱ्याण्णव पानावर, समासात,
शिसपेन्सिलीचं बारीक, डावीकडे कललेलं अक्षर:
इथे थांब. आधी आठवा वाच.
थांबले. चौदा वर्षांची होते,
इतक्या खात्रीनं मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

आठव्यात: नावाडी खोटं बोलतोय.
तिसऱ्यात: लढाई गाळ, घोड्यांची नावं तेवढी वाच.
दहाव्यात नुसती रेघ,
तीही एका साध्या ओळीखाली: तिने दिवा बाहेर ठेवला.
ती रेघ मला चौथ्यात कळली,
मार्केटच्या पायरीवर, हातातली भेळ मऊ पडलेली.

पूर्वखंड शेवटी. बाई म्हणायच्या, आधी वाच, सोपं जाईल.
जातं सोपं.
पण दाराला पाठ लावून बसलेली ती म्हातारी कोण
हे आधीच माहीत असलं
तर ती नुसती म्हातारी उरते.

सातव्यात, पान दोनशे बारा: आता परत
एवढंच. पुढे समास कोरे.
सगळे खंड उलटून पाहिले, उजेडाला धरून पाहिले.
बाईंनी वही काढली. शहाऐंशीचं नाव
ओल येऊन फुटलेलं, पत्त्यात फक्त जुईनगर.
पहिला खंड काही परत आला नाही.

नोकरी लागल्यावर विकत घेतला.
कपाटात आहे, अजून कोरा.
तो तू ने, हवा तेव्हा वाच, मैत्रिणी सांगतील तसा वाच.
सातवा मात्र माझ्याकडचाच ने,
लायब्ररी मोडली तेव्हा बाईंनी दिलेला.
दोनशे बारावर जरा हळू.
तिथे कुणीतरी थांबलंय.