आत ठेवलेली माया

जालन्यात झगे शिवणारं दुकान एकच, आमचं.
नवरा गेला तशी मशीन माझ्याकडं आली, कात्री आली,
आणि मापांची वही.
फादरांचा पांढरा, तेहेतीस गुंड्यांचा.
मेथडिस्ट साहेबांचा काळा.
सीएनआयच्या पाळकांना बगलेत घट्ट होतो
म्हणून दोन बोटं सैल.
आणि जे झगा घालतच नाहीत, ते हालेलूयावाले पास्टर,
त्यांची सफारी, चार खिशांची.
खांदा सगळ्यांचा सतरा, साडेसतरा.
देवानं त्यात काही फरक केलेला नाही.

बातमी आली मंगळवारी, आतल्या पानावर,
सरकीच्या जाहिरातीला खेटून.
फोटो क्रुसाचा.
मुलीचा नको होताच,
पण त्या माणसाचाही नव्हता.
जशी काही फिर्याद लाकडावर होती.

दुपारपर्यंत तिघं येऊन गेले, काम नसताना.
एक म्हणले, लग्न करू देत नाहीत, दुसरं काय होणार?
एक म्हणले, आमच्यात कमिटी असते, दीनाबाई,
एकट्याच्या हातात काही नसतं.
तिसरे म्हणले, त्याचा नवा जन्म झालेलाच नव्हता.
गारपीट शेजारच्या शिवारात पडली
की माणूस जसा हळहळतो
आणि हळूच आपल्या वावराकडं बघतो,
तसं.

सांजच्याला पारखबाई आल्या ब्लाऊज न्यायला.
नोटा मोजता मोजता म्हणल्या, तुमच्या लोकांत हे लई असतं, नाही?
जिभेवर आलं होतं,
तुमच्या गल्लीतल्या क्लासच्या सरांचं काय झालं मग?
गिळलं.
एका लेकरातून दुसरं लेकरू वजा करून
हातचा काय धरायचा होता मला?

रविवारी सगळीकडं एकच उपदेश, पायऱ्यांवर, चपला घालताना:
बाहेर बोलू नका. दगड येतील.
खोटं नाही ते. मागच्या नाताळात
तारा आम्ही नऊलाच विझवल्या,
केक अंधारात कापला.
पण त्या भीतीची वाकळ पांघरून
कोण निवांत घोरत होतं, तेही आता कळलं.

तो कुठल्या चर्चचा, हे मी तुम्हाला सांगणार नाही.
सांगितलं की बाकीचे सगळे
आज रात्री पोटभर जेवतील.

ती आली होती मार्चात.
वसतिगृहातली. आईबाप ऊस तोडायला,
कर्नाटकात कुठंतरी.
शाळेचा फ्रॉक घेऊन उभी राहिली, म्हणली,
गळा वरपर्यंत करा. बाह्या मनगटापर्यंत.
चेन नको. गुंड्या लावा.
किती?
लई लावा.
मी हसले. म्हणले, झगाच शिवू का तुला?
ती पण हसली. थोडं.
तीसच रुपये घेतले, पोर गरिबाची म्हणून.
आत तीन बोटं माया ठेवली,
दोन वर्षं उसवून वाढवता यावी इतकी.
माझी सगळी माया तिथंच राहिली,
शिवणीच्या आत, उलट्या बाजूला.

काल वही घेऊन ठाण्यात गेले.
वाटेत कुंडलिकेच्या पुलावर दोनदा थांबले.
जमादारांनी पान वाचलं. चौदा मार्च. लांब बाह्या.
यात काय आहे, बाई? म्हणले. फॅशन असेल.

मी म्हणले, साहेब,
मी पण तेव्हा हेच समजले होते.

पंखा नुसता फिरत होता.
मग त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली,
पेनाचं टोपण काढलं
आणि म्हणले, बसा.
पहिल्यापासून सांगा.
किती गुंड्या म्हणली होती ती?