पाथर्डी फाटा, रात्री पाऊण

मालेगावकडून येताना गाडी खाली उतरतच नाही.
आडगाव गेलं की पूल आम्हाला उचलून घेतो
आणि माझं गाव दुसऱ्या मजल्यांच्या रांगेतून दिसत राहतं:
वाळत घातलेल्या चादरी, कुणाचा तरी निळा टीव्ही,
खिडकीत केस विंचरणारी बाई,
खाली द्वारकेचा सिग्नल, रस्त्यावर कुणी नसताना लाल.
सहा-सात मिनिटं. मग विल्होळीचा अंधार.
सोळा वर्षं मी नाशिक असं पाहतोय,
जिन्याच्या मधल्या पायरीवरून परत फिरणाऱ्या पाहुण्यासारखं.

आज दहाच्या ठोक्याला हवालदाराने माइक बंद केला.
त्याआधी निवेदकाने नेहमीप्रमाणे
"आणि ऑक्टोपॅडवर..." म्हणून
चार वर्षांपूर्वी ऑर्केस्ट्रा सोडलेल्या विलास भामरेचं नाव घेतलं.
मी उठून नमस्कार केला.
टाळ्या विलासला गेल्या, मनगटं माझी ठणकतात.

आता सगळे झोपलेत.
गायिका गजऱ्यासकट, कीबोर्डवाला तोंड उघडं टाकून,
मालक खिशातल्या पाकिटावर हात ठेवून.
उद्या नऊला शहापूरला हळद.
फक्त रशीदभाई जागे, आणि मी,
आणि माझ्या पायाशी मळक्या कपड्यांची बॅग.

पूल संपला तसं रशीदभाईंनी गाडी कडेला घेतली.
"वीस मिनिटं," म्हणाले, "टायर बघतो."
टायरांना काही झालं नव्हतं.

शैला आधीच येऊन थांबली होती,
अंबडहून, सेकंड शिफ्ट सुटल्यावर,
अंगात कंपनीचा कोट, गळ्यात ओळखपत्र,
स्कूटीच्या पायाशी धुतलेल्या कपड्यांची बॅग.
दोन्ही बॅगा सारख्याच, एकाच दिवशी शालिमारला घेतलेल्या.
एक कायम रस्त्यावर, एक घरी.
मला कुठल्या बॅगेबरोबर मोजायचं
ते आम्ही कधी बोललो नाही.

बॅगा बदलल्या.
चहावाल्याने अर्ध्या शटरखालून दोन कप सरकवले.
"खोकला?"
"बरा आहे."
"गॅस परवा आला."
"पैसे टाकलेत मी."
"मिळाले."
एक ट्रक कांदे घेऊन गेला, बराच वेळ वास मागे राहिला.

मग डिकीतून प्रगतिपुस्तक निघालं.
"सोमवारी द्यायचंय. सही कर."
"तू का नाही केलीस?"
"तेजल म्हणते, पप्पांचीच पाहिजे."
मोबाइलच्या उजेडात मी शेरा वाचला:
हुशार आहे. तास चालू असताना बाक वाजवते.

मला हसू आवरेना. शैला हसली नाही.
"दोनदा बोलावलं बाईंनी. दोन्ही वेळा मी रजा टाकून गेले."
मी गप्प झालो. मग राहवलं नाही:
"काय वाजवते?"
"मला काय कळतंय. जेवताना ताटही वाजवते."
"वाजवून दाखव."
"रस्त्यात? वेडा आहेस का तू?"
तरी तिने इकडे-तिकडे पाहिलं
आणि स्कूटीच्या सीटवर चार बोटं आपटली.
दिवसभर स्विचचे स्क्रू आवळलेली बोटं, जरा जड.
तुकडा अर्धाच होता. सम चुकली होती,
की पोरीने मुद्दाम पुढे ढकलली होती,
तेवढं त्या बोटांतून समजेना.

ऑक्टोपॅडच्या पेटीवर कागद ठेवून सही केली.
रशीदभाईंनी इंजिन चालू केलेलं,
पेटी थरथरत होती, सही वाकडी आली.
शाळेत म्हणतील, पोरीने स्वतःच केली.
शैलाने पुस्तक कोटाच्या आत घातलं, हेल्मेट चढवलं.
"पोचलास की मेसेज टाक."
"तू टाक. तू एकटी आहेस."
तिचा मागचा दिवा गोविंदनगरकडे नाही,
सिडकोकडे वळला. म्हणजे थेट घरी.
पोर शेजारच्या आहेरकाकूंकडे झोपली असणार.

विल्होळी गेलं. वाडीवऱ्हे गेलं.
खिडकीच्या काचेवर मी ते बोटांनी लावून पाहिलं,
एकदा सरळ, एकदा दुगणीत,
एकदा शैलाचं जडपण वजा करून.
"झोप ना बाबा," मागून मालक म्हणाला,
"कार्यक्रम संपला."

घोटी आलं तरी सम हाताला लागली नाही.
पुढे कसाऱ्याची वळणं सुरू झाली
आणि बॅग घसरू नये म्हणून
दोन्ही हात तिच्याभोवती ठेवावे लागले.