वेळेचा रकाना

नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले गांगुर्डे
रात्री सव्वाबाराला आले,
हातात पोराचा स्वेटर आणि डबा.
ठाणे अंमलदार मीच.

कधी आणलं त्याला?
आणलं कुठं, चौकशीला बोलावलंय.
साहेबांचं वाक्य, माझ्या तोंडात रुळलेलं.

ते भांडले नाहीत.
म्हणाले, चौतीस वर्षं गेटवर झडती दिली,
चपला काढून, डब्याचं झाकण उघडून.
नोटा छापल्या, कपटासुद्धा बाहेर नेला नाही.
पण आत गेल्याची वेळ लिहायचे ते लोक,
बाहेर आल्याचीही.
माझ्या पोराची लिहा.

मी डायरी उघडली.
त्यांनी पान उचलून ट्यूबलाइटकडे धरलं,
जुनी सवय, कागदातली खूण बघायची.
खूण नव्हती.
वेळेचा रकाना कोरा.

घटनेत चोवीस तास लिहिलेत.
ते कुठून मोजायचे, साहेब?

मला साहेब म्हणाले.

मग बाकावर बसले, स्वेटरची घडी मांडीवर.
आतून कुणीतरी खोकलं,
त्यांनी मान वर केली.

मी पेनाचं टोपण काढलं,
लावलं,
काढलं.
समोर त्यांचा अंगठा बोटांवरून सरकत होता,
गड्डी मोजावी तसा,
एकेक मिनिट.