चांदणी

पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर डोकं काढलं.
उभं चिरलेलं, एकाच बाजूचं.
कान नाही, डोळा नाही,
नुसती जीभ, टाळू, पडजीभ
आणि घशाकडे उतरणारा एक बोळ.
"जगातली सगळी भांडणं ह्या बोळातून आली,"
डॉक्टर बाराओना म्हणाले.
पुढची रांग हसली.
मी बोळ वहीत उतरवला.
तो जरा अरुंदच झाला.

जूनमध्ये कुस्कोत वर्गसुद्धा गार असतो.
कोट न काढताच आम्ही शिकलो तीन शब्द:
तांता म्हणजे जमाव.
थांता म्हणजे झिजलेलं, विटकं.
आणि तिसरा, ज्यातला त घशाशी अडवून
वाळकी काडी मोडावी तसा सोडायचा,
तो म्हणजे पाव.
सर लिमाचे. त्यांच्या तोंडून तिन्ही वेळा
जमावच बाहेर आला.
"कुणाच्या घरी जर…" म्हणाले,
आणि वाक्य तसंच ठेवून वर्गाकडे पाहत राहिले.

ह्याच आवाजासाठी शाळेत
मला एक सोल दंड व्हायचा.

मी हात वर केला. पाव म्हटलं.
चाळीस पेनं एकदम वाकली.
पुन्हा म्हण, नेली. पुन्हा पाव.
पाचव्यांदा म्हणताना
मला खरोखरच भूक लागली.

मग प्रत्यय आले,
आणि कळलं की जन्मभर मी
क्रियापदाच्या शेपटीला साक्षीदार बांधून हिंडतेय.
हामुन, येतो.
हामुनमी, येतो, मी स्वतः पाहिलंय.
हामुनसी, येतो म्हणे.
हामुनचा, येत असेल बाई.
शेजारची इवेत म्हणाली, स्पॅनिशमध्ये बरं असतं,
सरळ खोटं बोलता येतं.

गृहपाठ: घरातल्या कुणाकडून वीस वाक्यं आणा.
जे भाषेत बसत नाही
त्याच्या आधी चांदणी काढा.

रविवारी यावरीला फोन लावला.
आई चीज विकून नुकतीच परतली होती.
"कुत्र्यानं बटाटा खाल्ला, असं म्हण."
"कुणाच्या कुत्र्यानं?"
"कुणाच्याच नाही. उदाहरण आहे."
"बिनमालकाचं कुत्रं बटाटा सोडून कोंबडी खाईल."
लिहून घेतलं.
"काल रात्री मी घोरले, मी पाहिलंय."
ती हसत सुटली. "जागी होतीस का गं?
तिथं म्हणे लाव."
चांदणी काढली.

सतरा झाली. अठरावं माझ्या यादीत नव्हतं.
"बाबा खाणीवर वारले.
पाहिलंय-वाला प्रत्यय लावून म्हण."

पलीकडे चुलीत काहीतरी तडकलं.

"असं नाही म्हणता येत."
"बसत नाही, की…"
"मी होते का तिथं?"
"मग म्हणे लाव."
"ते नऊ वर्षं गाव लावतंय.
मी कशाला लावू?"
मग बराच वेळ नुसती चूल.
मग, जणू फोनमधल्या त्या कुत्र्याला सांगावं, तशी:
"हामुनचा.
हे लिही. हे बसतं."

एकोणिसावं आणि विसावं
मी माझ्याच मनानं लिहिलं.
दोन्हींत गाय होती.

वही परत आली. अठराव्याभोवती लाल गोल:
"चांदणी का? वाक्य शुद्ध आहे."
विसापैकी एकोणीस.
शुद्ध आहे, सर, असं मनात म्हटलं.
वर गेले नाही. त्यांच्या खोलीचा जिना
तसाही फार उभा आहे.

फाटकाबाहेर पाववाली टोपली झाकत होती.
मी पाव म्हटलं.
त घशाशी अडवून, काडी मोडल्यासारखा.
तिनं मान वर न करता
दोन हातात ठेवले,
आणि सुट्टे आहेत का, विचारलं.