घड्याळवाला

उकंडा भोयर पटाच्या दानीवर उतरला
की चहाचे ग्लास हातातच राहायचे.
सहा सेकंद, ऐंशी.
तेव्हाही घड्याळ माझ्याच हातात होतं.

औंदा आठ, वीस.
जोडी तरणी, नुसती वीज.
पण सुटायच्या आधी आता
तो एकदा मागं वळून बघतो.
मंडपातली पोरं म्हणतात,
बैलच आणून सोडतात बुढ्याला.

काल मी अंगठा
जरासा आधी दाबला.
सात, नव्वद! भोंग्यावर ओरडलोही.

तो आला. बक्षिसाचं काही विचारलं नाही.
माझ्या अंगठ्याकडं बघत राहिला,
शेल्यानं बैलाच्या तोंडाचा फेस पुसला,
आणि हळूच म्हणाला,
"मले मोजता येते ना, बाबू.
धुरीवर बसूनच मोजतो मी."