एक ठोका उशिरा

रामदासपेठेत, दुसऱ्या मजल्यावर, कॅफेच्या मागच्या खोलीत
बत्तीस खुर्च्या, एकोणीस माणसं.
त्यातली सात माझ्यासारखीच, नंबर यायची वाट बघणारी,
म्हणजे हसणार नाहीत.
विनोदवाला विनोदवाल्याला हसत नाही,
फार तर मान हलवून म्हणतो, बरं आहे.

कूलर बंद करा म्हणावं तर मे महिना,
चालू ठेवावा तर शेवटचा शब्द त्याच्या पात्यांत जातो
आणि विनोदाचा सगळा जीव
त्या शेवटच्या शब्दात.

माईक हातात घेतला. म्हणालो, "मले..."
आणि लोक हसले.
अजून काही झालंच नव्हतं.
"मले" एवढंच झालं होतं.
पहिल्या रांगेतल्या दोन मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या.

आमच्या तांडापेठेत हा शब्द
उधारी मागायला वापरतात,
नळावर भांडायला,
मयतीत खांदा बदलताना "आता मले दे" म्हणायला.
कोणी हसत नाही.
इथे तो दारातून आत आला की
आधी त्याची चप्पलच दिसते लोकांना.
मी काय करणार. हसू फुकट मिळत होतं,
घेतलं.

मग बाबांचा विनोद. माझा चालणारा विनोद.
बाबा एकतीस वर्षं यंत्रमागावर, कान तिथेच राहिले.
मुलगी बघायला गेलो. मुलीच्या मामानं विचारलं,
"पोराचा पगार किती?"
बाबांना ऐकू आलं, "पोरं किती?"
म्हणाले, "एकच आहे.
अन् तोबी काही कामाचा नाही."

इथे टाळ्या येतात.
भंडाऱ्याला आल्या, अमरावतीला तर एक जण उभा राहिला.

खरं तर बाबा म्हणाले होते,
"दोन होते. आता एकच आहे."
पहिल्यांदा सांगितला तेव्हा मी तेही ठेवलं होतं.
खोली अशी गार पडली,
आणि ते कूलरचं काम नव्हतं.
एका बाईनं हसता हसता तोंडावरचा हात
तसाच ठेवला, काढला नाही.
दुसऱ्या दिवशी वहीतून "दोन होते" खोडलं.
विनोद साडेतीन सेकंदांनी आखूड झाला
आणि चालायला लागला.

आज बाबा शेवटच्या रांगेत होते.
बोलावलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालून
स्वतःच जिन्यात उभे, "कुठं बसू?"
वरून मला ते सारखे दिसत होते.
लोक हसले की आजूबाजूला बघायचे,
मग हसायचे. एक ठोका उशिरा.
माग चुकला की कापडात दिसतो तसा
त्यांचा हशा वेगळा दिसत होता.
स्वतःवरच्या विनोदालाही ते हसले,
सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत जास्त वेळ,
कारण थांबायचं कधी
हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

चार मिनिटांचा लाल दिवा लागला. मी अर्धं पाठ केलेलं विसरलो.
"धन्यवाद नागपूर" म्हणालो,
जणू सगळं नागपूर त्या एकोणीस खुर्च्यांवर होतं.

गाडीवर ते मागे. अग्रसेन चौकाच्या पुढे
माझ्या हेल्मेटजवळ तोंड आणून म्हणाले,
"लोकं लय हसून राहिले होते बे."
मग बराच वेळ काही नाही.
मग, "गुड्ड्याचं सांगतं का तू त्यात?
सांगत जा. तो तुह्यापेक्षा जास्त हसवे."

मी वाऱ्यात म्हणालो, "चुकलं, बाबा."

"हो ना," ते म्हणाले,
"भूक त मलेबी लागली."

आता खरं सांगतो, लाज वाटली तरी.
पहिला विचार हाच आला की
हे चालेल.
कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा,
गोळीबार चौक येईपर्यंत मनात दोनदा म्हणून पाहिलं.

आलूबोंड्याच्या गाडीशी ब्रेक मारला.
बाबांनी हाताची दोन बोटं दाखवली,
मग मला विचारलं,
"तू खाशील का?"