कलम लागू

पणजोबांचं आडनाव ल गू.
जुन्नरच्या तलाठ्यानं कान देऊन ऐकलं,
टाक दौतीत बुडवला
आणि उताऱ्यावर लिहिलं : लागू.

मार्सेयच्या बोटीनं ओल्या गोणपाटात आलेल्या काड्या
कुकडीकाठच्या चुनखडीत दोनदा जळाल्या.
तिसऱ्या वर्षी ठकू औटीनं
रानखुंटावर डोळा भरला, सुतळीनं आवळला,
म्हणाली, आता हात नका लावू, सायेब.

ती माझी पणजी.

आजही गोडी छाटणीचा पहिला काप
तिच्याच कात्रीचा. धार गेलीय, तरी.
पिंपातला रस चाखून बाबा
दरसाल एवढंच म्हणतात : बरा आहे.

काल बँकेचा माणूस विचारत होता,
तुम्ही मूळचे कुठले?
मी त्याला खाली वाकवून
खुंटावरची गाठ दाखवली,
जिथं दोन साली
अजून एकमेकींना चाचपतायत.